आधी भावाकडे

चूक झाली ती एवढीच, की पाळकसाहेब नवे होते.

सौंसरच्या ख्रिस्ती मंडळीत गेली वीसेक वर्षं एक वचन कोणी मोठ्यानं वाचत नव्हतं. तसा काही ठराव झाला नव्हता, कोणी कोणाला सांगितलंही नव्हतं. अर्पण घेऊन वेदीपाशी आलेल्या माणसाला जर तिथं आठवलं, की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी सल आहे, तर त्यानं ते अर्पण तिथंच ठेवून आधी भावाकडे जावं, असं प्रभूचं एक सांगणं आहे. ते जवळ आलं की आधीचे पाळक अलीकडच्या ओळीवर थांबत आणि एकदम पलीकडच्या ओळीवर उतरत. वाटेतला चिखल माणूस चुकवतो तसं. कारण समोरच्या सतरंजीवर मोतीराम बसलेला असे. त्याचा थोरला भाऊ दादाजी पांढुर्ण्याला राहतो आणि आईला माती दिली त्या दिवसापासून दोघांचं बोलणं तुटलं आहे, हे रामाकोन्यापासून लोधीखेड्यापर्यंत साऱ्यांना ठाऊक होतं.

पाळक श्रीकांत दिवाळीनंतर बदलून आले. त्यांना हे कोणी सांगितलं नाही. हंगामाची उपासना होती. प्रत्येक घर आपल्या वावरातलं पहिलं फळ वेदीपाशी आणणार होतं. म्हणून त्यांनी बिचाऱ्यांनी अर्पणावरचं वचन शोधलं, आणि नेमकं तेच काढलं.

प्रमिला बायकांच्या बाजूला बसली होती. पहिले चार शब्द कानावर पडले आणि शेजारच्या कलाबाईनं तिचं मनगट दाबलं. मागं कोणी खोकत होतं ते थांबलं. प्रमिलानं नवऱ्याकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. सगळं देऊळच त्याच्या पाठीकडे पाहत होतं. पाळकसाहेब मात्र रंगात आले होते. एवढी शांतता आपल्याला आजवर कधी मिळाली नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मग अर्पणं सुरू झाली. तिथली रीत अशी, की सगळ्यांत जुन्या घराची टोपली आधी. पाळकांनी ती उचलून आशीर्वाद मागितला, की मग बाकीच्यांच्या टोपल्या, कापसाची गाठोडी, तुरीच्या शेंगा, कोंबड्या. मोतीराम उठला. रामाकोन्याच्या बागेतली देठापानांसकट तोडलेली संत्री त्यानं वेदीच्या पायरीशी ठेवली. पाळकांनी हात पुढं केले.

"राहू द्या," मोतीराम म्हणाला. त्याचा आवाज नेहमीच लहान. पण त्या दिवशी मागच्या भिंतीपर्यंत गेला. "उचलू नका, पाळकसाहेब. अशीच राहू द्या. मी जाऊन येतो."

"कुठं?"

"पांढुर्ण्याले."

आणि तो पुरुष आणि बायकांच्या मधल्या वाटेनं सरळ चालत बाहेर गेला.

पाळकांचे हात तसेच पुढं होते. थोड्या वेळानं ते म्हणाले, "आपण, म्हणजे, पुढं चालू या का?"

"कसं चालता साहेब?" कलाबाई बसल्या जागेवरूनच म्हणाली. "पयली टोपली तं मोतीरामची असते. ते उचलल्याशिवाय आमच्या कशा उचलता?"

"मग काय करायचं?"

"काय करता आता. तुमीच तं धाडलं त्याले."

प्रमिला पदर सावरून उठली.

बाहेर मोतीराम बस स्टँडच्या दिशेनं निघालाही होता. मुलगा प्रतीक त्याच्या आडवा उभा राहिला होता आणि मुलगी प्रज्ञा दोघांच्या मधे. प्रज्ञा थोरली, बोरगावकडे एका दवाखान्यात नर्स. प्रतीक बाग पाहायचा आणि संत्र्याच्या गाडीमागं फिरायचा.

"बाबा, हद झाली आता," प्रतीक म्हणत होता. "सारे लोक पाहून राहिले."

"पाहू दे."

"जेवणं झाल्यावर जाऊ. उद्या जाऊ. फोन तरी करू आधी. तो मानूस कसा हाये माईत नाही का तुमाले? माह्या लग्नाची पत्रिका चुलीत घातली त्यानं. माह्यासमोर! मी उभा होतो तिथं, चहा बी नाही विचारला."

"चुलीत घातली म्हंजे चहाच ठेवला असन त्याच्यावर," प्रज्ञा म्हणाली. "तूच थांबला नाही."

"ताई, मजाक नोको करू."

"मजाक नाही करून राहिली. जाऊ दे त्याहीले. वीस वर्षं झाले, आपल्या देवळात हे वचन कोनी वाचत नाही. लाज वाटते मले. आज देवानं वाचलं."

"देवानं नाही, नवीन पाळकानं वाचलं. त्याले माईत नव्हतं म्हणून वाचलं!"

"तेच तं म्हनते मी."

मोतीराम दोघांचं ऐकत उभा होता. प्रमिला जवळ आली तेव्हा तिची नजर त्याच्या पायांकडे गेली. त्यानं कोणाची तरी भलतीच चप्पल घातली होती. टाच मागं बोटभर बाहेर आली होती. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं त्याला असा कधी पाहिला नव्हता. तो वस्तू जागच्या जागी ठेवणारा माणूस. तिनं चपलेचं काही सांगितलं नाही.

"काय बोलसान तिथं जाऊन?" एवढंच विचारलं.

"ठरवलं नाही."

"त्याहीनं दारातूनच हाकललं तर?"

"तर दारात जाऊन आलो असं होईन."

प्रतीकनं गाडीची किल्ली खिशातून काढली, पुन्हा ठेवली, पुन्हा काढली. "बसा," तो म्हणाला. "बसनं कुठं जाता रविवारचे."

सौंसर सोडता सोडता कबरस्थान लागतं. गाडी तिथून जाताना दरवेळी प्रमिलाचं डोकं आपोआप खिडकीकडे वळायचं, तसं आजही वळलं. कडेच्या कडुनिंबाखाली सासूची, केसरबाईची कबर. तिच्या शेजारी मेंदीचं कुंपण घातलेली दोन माणसांची जागा. मधली मोतीरामची, कडेची आपली, हे तिनं केव्हाच ठरवून टाकलं होतं. ईस्टरच्या आधी कबर पांढरी करायला ती यायची, तेव्हा त्या रिकाम्या जागेतलंही गवत काढायची, घरातल्या एखाद्या खोलीतला केर काढावा तसं. प्रज्ञा रागवायची, प्रमिलाला मात्र त्या जागेचा मोठा आधार वाटे. पुढं काय आहे ते कोणी पाहिलेलं नाही, पण निदान शेजारी कोण आहे ते तरी ठाऊक आहे.

भांडण त्या कबरीवरूनच झालं होतं. केसरबाई मोतीरामपाशी राहायची. म्हातारी दर रविवारी देवळात यायची, दाराजवळ बसायची, गाणी तिला सगळी पाठ होती. बाप्तिस्म्याचं विचारलं की म्हणायची, "घेईन ना बाप्पा पुढच्या साली. मी का पळून चालली?" दादाजीनं आणि त्याच्या घरच्यांनी बुद्धाची वाट धरली होती, मोतीराम ख्रिस्ताकडे आला, त्याचाही दादाजीला तितका राग नव्हता. मग एका मे महिन्यात केसरबाई सकाळी उठलीच नाही. दादाजी रेल्वेत होता, इटारसीकडे ड्युटीवर. निरोप पोचला, संध्याकाळच्या गाडीनं येतो, असं त्याचं उत्तरही आलं. पण मोतीराम थांबला नाही. दुपारीच माती उरकली. दादाजी कबरस्थानाच्या फाटकापर्यंत आला, ओल्या मातीचा ढीग पाहिला आणि आत पाऊल न ठेवता परत फिरला.

उन्हाळा होता, असं मोतीराम त्यानंतर प्रत्येकाला सांगत आला. प्रमिलाही तेच सांगत आली. उन्हाळा होताच. पण दादाजी आल्यावर म्हातारीला कोणत्या रीतीनं न्यायचं हा प्रश्न उठला असता, आणि तो उठू नये म्हणून घाई केली, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यावर दोघं कधी बोलली नव्हती.

दादाजीचं घर पांढुर्ण्यात, स्टेशनच्या बाजूला. सून अमितानं दार उघडलं आणि दाराची कडी हातातच धरून ती उभी राहिली.

"काकाजी?" ती म्हणाली. मग मागं पाहिलं, पुन्हा पुढं पाहिलं. "काकू? सारेच?"

"आहेत का भाऊ?" मोतीरामनं विचारलं.

दादाजी मागच्या अंगणात उन्हात खाटेवर बसून गुडघ्यांना तेल चोळत होता. उंच, हाडकुळा म्हातारा. केस पांढरे, भुवया मात्र अजून काळ्या. त्यानं वर पाहिलं. चौघांनाही एकेक करून पाहिलं. हात गुडघ्यावरच राहिला.

"कोन मेलं?" त्यानं विचारलं.

"कोनी नाही," मोतीराम म्हणाला.

"मंग काहून आला?"

"तुह्याशी समेट कराले."

"कोनं धाडलं?"

"देवानं."

"अस्सं." दादाजी पुन्हा तेल चोळू लागला. "वीस वर्षं लागले तुह्या देवाले माह्या घराचा पत्ता सापडाले? इथं तं रिक्षावाल्याले विचारलं तरी आनून सोडते."

"त्याले नाही लागले भाऊ. मले लागले."

प्रमिला दाराच्या आड, भिंतीला लागून उभी होती. दादाजी तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांच्यासमोर पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला असायचा आणि त्यांच्याशी शब्द बोलायचा नाही, ही तिच्या माहेरची आणि सासरची रीत. देव बदलला, पण ही रीत काही बदलली नव्हती. नवी नवरी असताना भासऱ्यांना जेवायला बोलवायचं तर ती स्वयंपाकघरातून खांबाला सांगायची, "ताट वाढलं म्हना." खांब काही बोलायचा नाही, पण भासरे ऐकून यायचे. साऱ्या जन्मात ती त्यांच्याशी थेट एकही शब्द बोललेली नव्हती.

"मायचं तोंड नाही पाहू देल्लं तुनं मले," दादाजी म्हणाला. आवाज चढला नव्हता. "ड्युटीवरून तसाच गाडीत बसलो. बैतुलले उतरून तिच्यासाठी लुगडं घेतलं, हिरवं. अन सौंसरले येऊन पाहतो तं मातीचा ढीग. ते लुगडं मी कोनाले नेसवू?"

प्रमिलाला वाटलं, आता तो म्हणेल उन्हाळा होता.

"संध्याकाळलोक थांबाले पायजे होतं," मोतीराम म्हणाला. "थांबता येत होतं. नाही थांबलो."

खाटेपाशी जाऊन तो वाकला. दादाजीनं पाय वर ओढून घेतले.

"पाया नोको पडू. पाया पडनं सस्तं असते. समेट पायजे ना तुले?"

"हो."

"मंग द्याचं ते दे."

"काय देऊ?"

"मायले तू नेलं. तुले मी नेतो." दादाजीनं तेलाचा हात पुसला, सावकाश, एकेक बोट. "तू मेला का तुही माती ह्या घरातून उठन. इथं, नदीवर, लाकडावर, आपल्या लोकाईच्या रीतीनं. क्रूस नाही. गानं नाही. तुहा पाळक नाही. माह्या मायले मले न विचारता तुह्या रीतीनं नेलं, तुले मी माह्या रीतीनं नेईन. हाये कबूल? नाही तं दार तिकडंच हाये, जिकडून आला."

अमिता चहाचा ट्रे घेऊन आली होती ती उंबऱ्यावरच थांबली.

"मोठे बाबा!" प्रज्ञा ओरडली. "हे काय बोलून राहिले तुमी? जित्या मानसाच्या मातीचा सौदा करते का कोनी?"

"सौदा नाही पोरी. हिसाब."

"चला बाबा," प्रतीक म्हणाला. "मी म्हटलं होतं तुमाले. चला आता."

मोतीराम उभाच होता. त्या परक्या चपलेत, खांदे थोडे पुढं झुकलेले. प्रमिला त्याचा चेहरा पाहत होती. तो आता नम्रपणे काहीतरी बोलेल, हात जोडेल, आणि आपण परत जाऊ. टोपली उचलली जाईल, देव माणसाचा प्रयत्न पाहतो असं पाळक म्हणतील, सगळं तिच्या मनात पुढं पुढं पळत होतं.

"बरं," मोतीराम म्हणाला.

"काय बरं?"

"तू म्हनतं तसं. तुह्या घरातून. तुह्या रीतीनं."

"कबूल?"

"कबूल."

तेलाची वाटी कलंडली. ती दादाजीच्याच हातानं कलंडली होती. तो शब्द ऐकायला तो तयार नव्हता, हे प्रमिलानं स्पष्ट पाहिलं. त्यानं दार दाखवण्यासाठी मागितलं होतं, आणि समोरच्यानं ते काढून देऊन टाकलं होतं.

"बाबा!" प्रज्ञा रडायला लागली होती. "आईले विचारलं का तुमी? आईले?"

मोतीरामनं वळून दाराकडे पाहिलं. प्रमिलाला त्याच्या नजरेत दिसलं, की नाही, त्याला ती आठवलीच नव्हती. मेंदीचं कुंपण, मधली जागा, कडेची जागा. जिथं तो पडायचा तिथं गवतच राहील आणि त्याच्या पलीकडं ती, सासूच्या आणि आपल्या मधे एक मोकळी जागा ठेवून, जगाच्या अंतापर्यंत.

आपण चालतो आहोत हे तिला कळलं तेव्हा ती अंगणाच्या मधोमध, उन्हात होती. पदर डोक्यावर होता, पण कपाळावर नव्हता.

"तुमी आधी गेले तर?" ती म्हणाली.

दादाजीनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. हे कोण बोललं, ते त्याला उमगेना. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि त्याच्या काळ्या भुवया वर गेल्या त्या वरच राहिल्या.

"तुमी त्याहीच्याहून मोठे हाये," प्रमिला म्हणाली. आपला आवाज तिला परका वाटत होता. "त्याहीले नेईन म्हनता. अन तुमीच आधी गेले तर? मंग हा हिसाब कोन करन?"

स्टेशनावर कुठली तरी मालगाडी उभी होती, तिची शिट्टी झाली, आणि ती हलल्याचा आवाज डब्याडब्यातून लांबपर्यंत गेला. म्हातारा रेल्वेवाला तो आवाज संपेपर्यंत ऐकत राहिला.

"मी आधी गेलो," तो अखेर म्हणाला, पण तिला नाही, कलंडलेल्या वाटीला, "तं यानं यावं. संध्याकाळलोक थांबतीन म्हना माहे पोरं. तोंड पाहू देतीन."

"मी खांद्याले येईन," मोतीराम म्हणाला.

"गानं म्हनशीन तिथं."

"नाही म्हनत. उगाच उभा राहीन."

दादाजीनं मान हलवली. एकदा, मग पुन्हा एकदा. "पन कबूल ते कबूल," तो घाईनं म्हणाला. "तू आधी गेला तं माहं म्हननं खरं. ते मी सोडत नाही."

"नोको सोडू."

"अमिता, अशी काय पुतळ्यासारखी उभी हायेस? चहा दे. आन बाईले खुर्ची दे आधी." आणि मग सरळ प्रमिलाकडे पाहून, जसं काही रोजच बोलत असावा, "बस बाई. पाय कापून राहिले तुहे."

परतताना गाडीत प्रज्ञाचा बांध फुटला. सकाळी बाबाला जाऊ द्या म्हणणारी तीच, आता तिला राग आवरत नव्हता. हा कसला समेट, हा तर जुलूम आहे, देवानं जा म्हटलं म्हणजे स्वतःला जाळून घ्या म्हटलं का, आपण घरचे कोण, गाडीतलं सामान?

आणि प्रतीक, जो सकाळी आडवा उभा होता, तो स्टिअरिंगवरून नजर न हटवता म्हणाला, "ताई, आता बस. मले तं मोठ्या बाबाचा चेहरा दिसून राहिला. वीस वर्षं कोनी त्याले हो म्हटलं नसन कशालेच."

"तुले सोपं हाये बोलनं. तू तं विरोधात होता!"

"होतो ना. तवा मले माईत नव्हतं काय होईन ते."

"प्रतीक," प्रमिला म्हणाली, "गाडी थांबव."

रस्त्याच्या कडेला कापसाचं वावर होतं. बोंडं फुटून पांढरी झाली होती, वेचणाऱ्या बायका दूर पलीकडच्या बांधावर भाकरी सोडून बसल्या होत्या. प्रमिला उतरली. मोतीरामही उतरला. मुलं गाडीतच राहिली.

"बोल," मोतीराम म्हणाला.

"मी काय बोलू? बोलून तं तुमी आले."

"तुह्या मनात हाये माह्याबद्दल."

"हाये."

"मंग मले टोपली नाही उचलता येत."

तिला हे सुचलंच नव्हतं. ती त्याच्याकडे पाहतच राहिली. सकाळपासून किती वेळा आपल्याला धक्का द्यायचा या माणसानं, असं तिला झालं. "वचनात भाऊ म्हटलाय," ती म्हणाली. "बायको नाही म्हटली."

"बायको का भावाहून दूर हाये?"

"मंग तिथं काहून नाही आठवलं हे? मले विचारलं का तुमी? तुमचं अंग का तुमच्या एकट्याचं हाये? त्या जागेतलं गवत कोन काढते दरसाल?"

"तू."

"मंग सांगा, मी कुठं पडू? तुमी तिकडं नदीवर राख होऊन वाहून जासान. अन मी? मायजवळ एकटी?"

मोतीरामनं तोंड उघडलं. ती वाट पाहू लागली. प्रत्येक गोष्टीवर त्याच्यापाशी वचन असायचं; बाग सुकली तेव्हा, प्रज्ञाचं पहिलं लेकरू गेलं तेव्हा, त्याला नेहमी काहीतरी ओळ सापडायची, आणि ती कधी कधी तिला पटायची, कधी नाही. आता मातीतून उठवणारा राखेतूनही उठवील, असं काहीतरी तो म्हणेल. ते खरं असेलही. पण आज ते तो म्हणाला तर आपण ऐकून घेणार नाही, हेही तिला ठाऊक होतं.

"माईत नाही," तो म्हणाला.

"काय?"

"तू कुठं पडशीन ते. मी कुठं पडीन तेही. काहीच माईत नाही मले. सकाळी येवढंच कळलं का, जा. तिथं काय मागतीन ते सांगितलं नव्हतं. त्यानं मागितलं, अन मले वाटलं, मायच्या वक्ती मी त्याले विचारलं नाही, मंग आता माह्याबद्दल घासाघीस कोन्या तोंडानं करू?"

"भेव नाही वाटलं?"

त्यानं दोन्ही हात पुढं केले. ते थरथरत होते, अगदी बारीक, देठाला धरून हललेल्या पानासारखे. "वाटून राहिलं ना," तो म्हणाला. "तिथून निघाल्यापासून वाटून राहिलं. तुमच्या कोनाच्या लक्षात नाही आलं."

प्रमिला त्या हातांकडे पाहत राहिली. त्याचा विश्वास म्हणजे विहिरीच्या बांधकामासारखं काहीतरी पक्कं, एकदा केलं की झालं, असं ती इतकी वर्षं समजत आली होती, आणि कधी कधी तिला त्याचा रागही यायचा, कारण आपला तसा नव्हता. तिला केसरबाई आठवली. तिला शेवटची आंघोळ घातली ती प्रमिलानंच. बाप्तिस्मा नाही, शब्द नाही, कोणत्या बाजूला गेली ते कोणालाच ठाऊक नाही, आणि तरी तिला मातीत ठेवताना प्रमिलानं मनातल्या मनात म्हटलं होतं, देवा, तू पाहा आता. तेव्हा तरी काय माहीत होतं?

"राग गेला नाही माहा," ती म्हणाली. "आज जानार बी नाही. मी रोज भांडीन तुमच्याशी ह्याच्यावरून."

"भांड."

"प्रज्ञा वेगळी भांडन."

"भांडू दे."

"पन कबूल केलं ते मोडा, असं मी म्हननार नाही. तुमाले कधीच म्हननार नाही." तिनं गाडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "येवढं पुरते का टोपली उचलाले?"

मोतीरामनं विचार केला. अगदी मनापासून केला. "माईत नाही," तो पुन्हा म्हणाला, आणि प्रमिलाला, त्या साऱ्यात, हसू यायला लागलं. ते रडणंच होतं की हसू, हे तिलाही सांगता आलं नसतं.

प्रतीक गाडीतून डोकं काढून फोन दाखवत होता. "आई, पाळकसाहेब हायेत. घाबरून गेले बिचारे. म्हनते, सारे लोक बसूनच हायेत, कोनी घरी गेलं नाही, भात थंडा होऊन राहिला. समेट झाला का म्हून विचारून राहिले. काय सांगू?"

प्रतीकनं बापाकडे पाहिलं. प्रज्ञानं आईकडे पाहिलं. प्रमिलानं हात पुढं करून फोन घेतला.

"पाळकसाहेब," ती म्हणाली, "अर्धा झाला. उरला तो आमी रस्त्यानं करत येतो. तुमी भातावर झाकन ठेवा."